चूक बोटांची नव्हती

बाबा,

तुम्हाला गाढ झोप लागली होती, म्हणून न उठवताच कामावर निघाले.

तुम्ही काकांना पत्र लिहिताना मध्येच इंग्रजी अक्षरं का उमटायची, ते आज कळलं. रजेचा अर्ज लिहायला तुमच्या कॉम्प्युटरवर बसले, तर माझंही तेच झालं. ऑल्ट आणि शिफ्ट ही बटणं चुकून एकदम दाबली गेली की भाषा बदलते. ती सोय मी बंद केली आहे. आता भाषा बदलायला खाली उजव्या कोपऱ्यात क्लिक करा. तिथे ‘मरा’ दिसेल. ते ‘मराठी’चं लघुरूप आहे, मनाला लावून घेऊ नका.

परवा तुम्ही त्याची तक्रार केलीत, तेव्हा मी फटकन म्हणाले, “बाबा, तुमचंच लक्ष ठिकाणावर नसतं.” तुम्ही पत्र अर्धवट सोडून उठलात. तुम्ही विसरभोळेपणाच्या तपासणीसाठी डॉक्टरांची वेळ घेतलीत, हे काल आईकडून कळलं. छापखान्यात चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधलेल्या माणसाला मी असं बोलायला नको होतं. चुकले.

डॉक्टरांकडे जायचंच असेल तर मी सोबत येईन. पण आज पत्र पुरं करा. अकरा वर्षांच्या अबोल्यानंतर तुम्ही ‘प्रिय दादा’ एवढं लिहिलं आहे, ते तसंच ठेवलंय.

ठमी