वसुलीवाल्याला कांदेपोहे

५ फेब्रु., गुरुवार
एचआरमध्ये बोलावणं. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीपायी कोर्टाचा आदेश कंपनीत आलाय, लवकरच पगारातून कपात. शेंद्र्याच्या कंपनीतून मुकुंदवाडीला घरी येईपर्यंत बसमध्ये डोक्यात नुसता तोच विचार. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्या कार्डावर केलं, हे त्यांना माहीत नाही. कळलं तर व्यायाम करून घेणाऱ्या बाईला दारातूनच परत पाठवतील. यांना सांगितलं, तोंड शिवून ठेवा.

८ फेब्रु., रविवार
हसावं की रडावं. नणंदेला, सुनीताला, बघायला पाहुणे येणार होते. त्यांच्या आधीच इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, असा एकजण आला. सासूबाईंनी मुलाचा मामा समजून बसवला, पोहे दिले, शेतीवाडी विचारली. मी दूध घेऊन आले तर बँकेचा वसुलीवाला दुसरी प्लेट खातोय, अन् सुनीता खाली मान घालून चहा देतेय. फाईलवर बँकेचं नाव बघून ओळखलं.
पण गडी खाल्ल्या मिठाला जागला. घरात चकार शब्द नाही. बाहेर येऊन हळूच म्हणाला, "ताई, लोकअदालतीत अर्ज टाका. ब्यांक हप्ते बांधून देती."
खरे पाहुणे आले तेव्हा पातेलं रिकामं. त्यांच्यात मामा नव्हता, सासूबाईंना वाटलं, तो आधीच येऊन गेला. परत कांदे चिरले.

१४ मार्च, शनि.
लोकअदालत. तडजोड झाली! व्याज बरंच सोडलं. कपात थांबणार, दर दहा तारखेला हप्ता. एक जरी चुकला तरी करार मोडला, कपात परत सुरू. येताना यांनी उसाचा रस पाजला. किती दिवसांनी कडकडून भूक लागली.

१९ एप्रिल, रवि.
पहिला हप्ता वेळेवर भरला. सुनीताची त्याच पाहुण्यांकडे सुपारी फुटली. तिथं मुलाचा मामा वेगळाच निघाला. घरी आल्यावर सासूबाईंनी धरलंच, "मंग पोहे खाऊन गेला त्यो कोण?"
सगळं सांगून टाकलं. गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "गुडघा माझा आन् हप्ता तुझा, व्हय?" मला रडू आलं.

२० एप्रिल, सोम.
व्यायामाची बाई आली. माझा जीव टांगणीला. पण सासूबाईंनी सगळा व्यायाम दोनदा केला. बाई म्हणाली, आजी, पुरे. तर म्हणतात, "करू दे. सुनंनं उसनवारी करून आणलेला गुडघा हाय, वाया नाय घालवायचा."
ओव्हरटाईम बंद होणार म्हणतात. लग्नही तोंडावर. दहा तारखेचं काय ते... तरी आज मला लई बरं वाटतंय.