फंडाची बैठक कुठल्या वारी?

४ मार्च

बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजरसाहेब आमच्या फंडाला सल्ला द्यायला तयार झाले. तेही फुकट! म्हणाले, "बायकांनीच पैसे जमवायचे, बायकांनाच थोडक्या व्याजानं द्यायचे — झकास! मी घडी बसवून देतो." मागे शिलाई मशीनसाठी कर्ज मागायला गेले होते, तेव्हा ह्याच माणसानं मान वर केली नव्हती. आता इतका गोड? पाणी कुठेतरी मुरतंय.

६ मार्च

औषधवाला भागीदार होतोय. सुरुवातीचे दहा हजार त्याचे. मग हळूच विचारतो, "कर्ज कुणाकुणाला हवंय?" तुला कशाला हव्यात रे चौकशा? नावं दिली नाहीत. उगीच संशय नको म्हणून खोकल्याचं औषध घेऊन आले. खोकला नाहीच.

९ मार्च

इस्त्रीवाली रडत आली. तिची टपरी अंगठ्याकडे गहाण आहे. अंगठ्या म्हणजे आमचा सावकार, आठ बोटांत अंगठ्या. आज टपरीवर येऊन म्हणाला, "टेलरबाईबरोबर फंड काढताय म्हणे? महिनाअखेर माझं फेड, नाहीतर टपरी खाली कर."

त्याला कळलं कसं? मॅनेजर, औषधवाला, इस्त्रीवाली आणि मी, एवढ्यांनाच माहीत! फंड वेळेत उभा राहिला नाही तर बिचारी रस्त्यावर येईल.

हे म्हणाले, "भिंतींनाही कान असतात. सोड हा नाद."

१० मार्च

युक्ती सुचली! बैठक माझ्या शिवणाच्या खोलीवर. मॅनेजरना मंगळवार सांगितला, औषधवाल्याला बुधवार. अंगठ्या ज्याच्या वारी टपकेल, तोच फितूर. खरी बैठक गुरुवारी, ती दोघांना त्याच दिवशी सकाळी कळवायची. मोठी हुशार मी!

१२ मार्च

खोलीला कुलूप लावून समोरच्या दुकानातून पाहत होते. मॅनेजर आले. रुमालानं पायरी झटकली, बसले. बराच वेळ बसले. नंतर गुडघ्यावर हात टेकून उठले आणि गेले.

अंगठ्या आला नाही. म्हणजे औषधवालाच!

१३ मार्च

औषधवाला पैशाचं पाकीट घेऊन आला. अंगठ्या नाहीच. मी समोरून जाताना त्यानं गाठलं. "साहेब म्हणतात, बैठक काल होती. आम्हाला खेळवताय का टेलरबाई? विश्वास नाही तर भागीदारी कसली?" पाकीट खिशात घालून निघून गेला.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग फितूर कोण? इस्त्रीवाली? स्वतःच्या पायावर ती कशाला धोंडा पाडून घेईल!

१४ मार्च

दोघांना कळवायला तोंड उरलं नव्हतं. इस्त्रीवालीलाही बोलावलं नाही. काय सांगणार तिला? संध्याकाळी खोली उघडून एकटीच बसले. ब्लाउजला हुक लावत होते.

दारात अंगठ्या! "काय टेलरबाई, आज बैठक ना? अजून कुणी आलं नाही?"

१५ मार्च

गुरुवार फक्त ह्यांना सांगितला होता. संध्याकाळी जेवायला उशीर होईल म्हणून.