शेवटच्या रिळातली तीन मिनिटं

बाबा, पुण्याहून एका मुलीचा फोन आला आणि तेव्हापासून मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्हाला जाऊन वीसच्या वर वर्षं झाली, त्यामुळे उत्तर मिळणार नाही हे मला कळतं. तसं तुम्ही असतानाही कुठे मिळत होतं! मी बोलत राहायची आणि तुम्ही फिल्मची पट्टी उजेडात धरून, एक डोळा मिटून ती बघत बसायचात. आज निदान मध्येच उठून मशीनकडे जायची सोय तुम्हाला नाही.

ही मुलगी कोण ते आधी सांगते. पुण्यात तीन-चार जणांची एक लहानशी कंपनी आहे. मोठमोठ्या स्टुडिओंच्या गोदामांत जुने सिनेमे पडून असतात. मालकी स्टुडिओची, पण आपल्याकडे काय काय आहे हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नसतं. ही पोरं त्यांच्या मागे लागतात, करार करतात, ठरावीक वर्षांपुरते हक्क मिळवतात, मग निगेटिव्ह शोधून एकेक फ्रेम साफ करतात आणि तो सिनेमा डिस्कवर काढतात. प्रती थोड्याच, पण डबा देखणा, आणि सोबत वाचायला पुस्तिका. तुमच्यासमोर व्हिडिओचं नाव काढायची सोय नव्हती. व्हिडिओ पार्लरं आली आणि तुम्ही मशीन चालवायचात ती आपली टॉकीज बसली, हा राग तुम्ही मरेपर्यंत सोडला नाहीत. आता घरी बसून बघणाऱ्यांच्या हौसेनंच तुमचे सिनेमे वाचताहेत. हसायचं तर हसा.

तर त्यांनी तो सिनेमा घेतला. तोच. म्हातारा बाप आणि नोकरीचं पत्र आलेली मुलगी. स्टुडिओनं दोन वर्षं त्यांना दारात उभं ठेवलं आणि मग करार केला. मी एका दिवाळी अंकात आपल्या टॉकीजवर लिहिलं होतं, ते त्या मुलीच्या वाचनात आलं. लहान गावात हा सिनेमा कसा बघितला जायचा यावर पुस्तिकेसाठी लिहाल का, असं तिनं विचारलं. मी कुरखेड्याच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे, बाबा, म्हणजे दुपारी वर्तमानपत्रांच्या घड्या घालते आणि पंखा चालू-बंद करते. माझे शब्द एका डब्यातून लोकांच्या घरी जाणार, या विचारानं मी हुरळून गेले. दोन दिवसांत लेख लिहून पाठवला.

लेख तुमच्यावरच होता. सिनेमाच्या रिळांच्या पेट्या नागपूरहून एसटीच्या टपावरून यायच्या, त्या तुम्ही स्वतः उतरवून घ्यायचात, हमालाला हात लावू द्यायचा नाहीत, ते लिहिलं. घरी आलात की तुमच्या बोटांना फिल्म जोडायच्या सिमेंटचा वास असायचा आणि आई गेल्यावर मी वाढलेल्या भाताला, अंबाडीच्या भाजीला तोच वास यायचा, ते लिहिलं. मी दहा वर्षांची असताना खेळ म्हणून एक तुकडा कात्रीनं कापला होता. तुम्ही मारलं नाहीत. शांतपणे म्हणालात, "सिनेमा आपला नसते बाई. ज्यानं बनवला त्याचा असते. आपून निस्ता उजेड देतो." त्या 'निस्ता उजेड'वर मी लेखात अर्धं पान खर्च केलं. मालकाचा तो प्रसंगही टाकला. मॅटिनी लांबली की खेड्यावरच्या लोकांची शेवटची एसटी चुकायची, म्हणून मालक म्हणाला दोन गाणी उडवा. आजूबाजूच्या सगळ्या टॉकीजवाले उडवत होते. तुम्ही किल्ल्या काढून त्याच्या पुढ्यात ठेवल्या. "मंग मशीन बी तुमीच चालवा." मालक मुकाट्यानं गेला आणि सिनेमा पूर्ण चालला. त्याखाली मी लिहिलं होतं, माझ्या वडिलांनी आयुष्यात एक फूटही फिल्म कापली नाही.

आणि मग त्या सकाळचं लिहिलं. तेव्हा मी अठरा वर्षांची. नागपूरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला माझा नंबर लागला आहे, होस्टेलचं पत्र आलं आहे, आणि आठ दिवस घरात कुणी धड जेवलेलं नाही. तुम्ही जा म्हणत नाही आणि नको म्हणूनही मोकळे होत नाही. गुरुवारी सकाळी तुम्ही चप्पल घालता घालता म्हणता, "चाल, नवीन पेटी आली हाय. तुले सिनेमा दाखवतो." रिकाम्या टॉकीजमध्ये मी बाल्कनीत एकटी बसते. पडद्यावर बापाला एकुलती एक मुलगी आहे, तिला दूरच्या शहरात नोकरी लागली आहे. ती पेटी भरते, उंबऱ्यापर्यंत येते. आतून बाप पाणी मागतो. ती थांबते. पेटी खाली ठेवते आणि आत जाते. समाप्त. दिवे लागतात. तुम्ही जिना उतरून येता, माझ्याकडे न बघता खुर्ची झटकता आणि म्हणता, "पायलं? आखरीले थांबलीच ना ते पोरगी." मी रडते. घरी जाऊन होस्टेलचं पत्र पाठ्यपुस्तकात ठेवते आणि पुस्तक फळीवर. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तुम्ही मला कुरखेड्याला आत्याकडे पाठवता, चार दिवस मन रमेल म्हणून. रविवारी तिथे मुलगा बघायला येतो. हेही मी लेखात लिहिलं, जरा गोड करून. एका सिनेमानं मला घरी थांबायला शिकवलं, असं काहीतरी. आता ते मला वाचवत नाही.

करारात अट अशी की पुस्तिकेतला शब्दन् शब्द स्टुडिओच्या माणसानं पास करायचा. त्यानं माझा लेख परत पाठवला आणि त्या परिच्छेदाखाली लाल रेघ मारली. म्हणून मुलीचा फोन. बिचारी फार जपून बोलत होती. "मॅडम, छोटीशी गोष्ट आहे. शेवट असा नाहीये. ती पाणी देते आणि मग निघून जाते." मी म्हटलं, तुमची प्रत वेगळी असेल. ती म्हणाली, आमच्याकडे मूळ निगेटिव्ह आहे. मग चाचरत म्हणाली, "कदाचित तुमच्याकडे कुणीतरी कापला असेल." बाबा, मी त्या परक्या पोरीवर ओरडले. माझे वडील कोण होते हे लेखात वाचलं नाहीत का, म्हटलं. तिनं सॉरी म्हणून सिनेमा कॉम्प्युटरवर पाठवून दिला.

भर दुपारी, वाचनालयात कुणी नसताना, मी तो लावला. इतका स्वच्छ की बापाच्या सदऱ्याचं उसवलेलं बटण दिसत होतं. ती पेटी खाली ठेवते, आत जाते. माझा सिनेमा इथे संपला होता. पण तो चालूच राहिला. ती माठातलं पाणी देते. बाप तांब्या तोंडाला लावतो, तिच्याकडे बघतो, आणि हातानंच खूण करतो, जा. बोलत नाही. ती पाया पडते, पेटी उचलते, लांबलचक रस्त्यानं चालत जाते आणि एकदाही मागे बघत नाही. तीन मिनिटं. मी घड्याळ लावून मोजली. मुलगी गेली याचं मला फारसं काही वाटलं नाही, बाबा. त्या बापानं हात केला त्याचं वाटलं.

तरी मी तुमची बाजू सोडली नाही. वाटलं, नागपूरहून येतानाच प्रिंट तुटकी आली असेल, गावानंही तीच बघितली असेल, आणि तुम्हाला बिचाऱ्याला काय माहीत. आपल्या टॉकीजचे गेटकीपर चाचा आता सिंदेवाहीला मुलाकडे असतात. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून बस पकडून गेले. नव्वदीला टेकलेत, पण सिनेमाचं नाव घेताच डोळे उघडले. शेवट काय होता, विचारलं. "काय म्हंजे? पोरगी चालली जाते ना. लय बाया रडल्या होत्या तवा." मग त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. म्हणाले, "तुले कोणी सांगतलंच नाई काय बाई? तुझ्या बापानं गुरवारी कापलं होतं आन् शुक्रवारच्या शोच्या आधी जोडून देल्लं. मी म्हटलं, हे काय करून राह्यले भाऊ? त मले म्हने, हे निस्तं माह्या पोरीसाठी हाय. मले वाटलं, तुले माहीत असन." त्यांच्या सुनेनं चहा आणला. तो मी प्यायले. काय करणार होते?

म्हणजे तुमचा नियम पक्काच होता. बाहेर सगळ्या गावासाठी पूर्ण सिनेमा, आणि कापला तो एकटीसाठी. मालकाच्या पुढ्यात किल्ल्या टाकणारा माणूस घरी मात्र कात्री घेऊन बसला. पुण्याच्या त्या पोरांना सिनेमाची एक फ्रेम इकडची तिकडे करायची तर स्टुडिओची लेखी परवानगी लागते, तसं करारात कलमच आहे. सिनेमाच्या बाजूनं वकील असतात. माझ्या बाजूनं कोण होतं? तुम्ही मला ओरडला असतात, 'नाई जायाचं' म्हणून दार लावून घेतलं असतंत, तर मी तुमच्याशी भांडले असते, उपाशी राहिले असते, कदाचित गेलेही असते. तुम्ही तसं काही केलं नाहीत. मलाच ठरवू दिलंत, आणि त्याआधी ठरवायला लागणारी गोष्ट काढून घेतलीत. याला मी लबाडी म्हणते. दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

आणि मिळवलंत काय? एकटे पडाल म्हणून केलंत म्हणावं, तर कुरखेड्याला देऊन एकटे पडलातच. नागपूरला शिकायला गेलेली पोरगी परत येत नाही आणि सासरी गेलेली सणाला तरी येते, एवढाच तुमचा हिशोब असणार. मी सणाला आले. डबा घेऊन आले, तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर राहिले. माझा नवरा वाईट माणूस नाही, हे लिहायला हवं. त्यानंच मला बाहेरून बी.ए. करू दिलं. पण 'करू दिलं' हे शब्द लिहिताना माझा हात अडतो, आणि ते शब्द माझ्या आयुष्यात कुणी आणले ते तुम्हाला ठाऊक आहे.

पुण्याच्या मुलीला मी सगळं खरं सांगितलं. ती उडालीच. "मॅडम, हे लिहा ना! हाच लेख छापू. किती भारी आहे!" भारी. तिचं वय सव्वीस, तिला भारीच वाटणार. स्टुडिओला सोमवारी मजकूर हवा होता. मी जुनाच लेख घेतला, ती गोड सकाळ पूर्ण काढून टाकली आणि शेवट बरोबर करून लिहिला, ती पाणी देते, निघून जाते, आमच्या गावातल्या बायका रडल्या. मीही त्यांच्यातच बसले होते असं वाचणाऱ्याला वाटेल. 'एक फूटही कापली नाही' हे वाक्य खोडायला घेतलं आणि तसंच राहू दिलं. स्टुडिओच्या माणसानं लेख लगेच पास केला.

मग हे पत्र लिहायला बसले. तुमच्यापर्यंत ते पोचणार नाहीच, पण त्या मुलीला पाठवावं असं दोनदा मनात आलं. पाठवणार नाही. कारण पाठवायचं तर एक गोष्ट त्यात लिहावी लागेल, जी तिला सांगितली नाही आणि चाचांनाही नाही. मी तुमच्या मशीनच्या कॅबिनमध्ये वाढलेली मुलगी. फिल्मचा जोड मशीनमधून गेला की आधी चित्र उडी मारतं आणि मग क्षणभरानं आवाज टक् करतो, हे मला झोपेतसुद्धा कळायचं. त्या सकाळी पडद्यावरची मुलगी आत वळली आणि चित्र उडालं, मग आवाज टक् झाला, आणि लगेच समाप्त आलं. सिमेंट ताजं होतं, खाली उतरलात तेव्हा तुमच्या हातांना वास येत होता. मी विचारलं असतं, बाबा, इथे काय होतं, तर तुम्ही माझ्याशी खोटं बोलला नसतात, एवढी मी तुम्हाला ओळखत होते. म्हणूनच विचारलं नाही. होस्टेलमध्ये एकटीनं राहायची मला फार भीती वाटत होती.