जानेवारीचा तिसरा आठवडा

खरातवस्ती शाळा,
११ मार्च १९७३

प्रिय सयाजी,

वर 'साहेब' लिहिणार होतो, पण हे पत्र साहेबाला नाही. इस्लामपूरजवळच्या आपल्या पहिल्या शाळेत ज्याच्याबरोबर मी एका खोलीत दोन वर्षं काढली, एका स्टोव्हवर पिठलं शिजवलं, त्या सयाजीला आहे. तो कुठं शिल्लक असेल तर त्यानं वाचावं.

सत्तर सालची उन्हाळी सुट्टी आठव. बाकीचे गुरुजी आपापल्या गावी गेले आणि आपण दोघं शाळेतच थांबलो. साताऱ्याला ट्रेनिंग घेताना विज्ञान म्हणजे फळ्यावरची व्याख्या एवढंच शिकवलं होतं, ते आपल्याला मोडायचं होतं. पहिली ते चौथीच्या पोरांनी वर्षभर विज्ञान हातानं करावं, असं नियोजन आपण आखलं. जूनमध्ये ओल्या फडक्यात हरभरा रुजवायचा, जुलैत तीन शेतांतल्या तीन मात्या पाण्यात ढवळून बघायच्या, गुऱ्हाळ सुरू झालं की रसाचा गूळ कसा होतो ते चुलवाणाशी उभं राहून बघायचं. मी सुचवत होतो आणि तू तुझ्या मोत्यासारख्या अक्षरात उतरवत होतास. शाळेमागच्या ओढ्याला जानेवारीतही पाणी असायचं, म्हणून मी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या रकान्यात लिहायला लावलं, की मुलांनी ओढ्याचं पाणी बाटलीत आणावं, तीन दिवस ठेवून त्यात काय हलतं, काय तळाला बसतं ते बघावं. त्याखाली आणखी एक ओळ होती: शिक्षकाने स्वतः मुलांबरोबर जावे.

पुढं तू परीक्षा देऊन विस्तार अधिकारी झालास. मला आनंद झाला, खरंच झाला. गेल्या जूनमध्ये माझी बदली इकडं पूर्वेला, तुझ्याच हाताखाली झाली, तेव्हाही झाला. मग सगळ्या शाळांना सायक्लोस्टाईल केलेलं नियोजन आलं. वर तुझं नाव होतं. माझं नव्हतं, त्याचं दुःख दोन दिवस केलं आणि सोडून दिलं. पण सगळं दोन पानांत बसवताना तू ओळी छाटल्या होत्यास. 'ओढ्यातील' होतं तिथं 'विहिरीतील किंवा ओढ्यातील' झालं होतं, आणि खालची ओळ गेली होती. मी ते वाचलं, सयाजी. वाचून गप्प बसलो.

इथं ओढा नाही. पाऊस दोन वर्षं फिरकला नाही. आईबाप खडी फोडायला जातात, मेंढरं कोकणाकडं गेली ती परत आली नाहीत. मी कागद बाजूला ठेवला आणि जे होतं त्यावर शिकवलं. लोकर पिंजली, जाळली, भिजवली. अंगणात काठी रोवून सावली मोजली. चौथीतल्या हरणानं शोधून काढलं, की सावली सगळ्यात आखूड बाराला होत नाही, त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी होते. मला म्हणाली, "गुरुजी, तुमचं घड्याळ पुढं हाय." मी आठवडाभर तिच्यासाठी उत्तर शोधत होतो. मास्तर झाल्याचं सार्थक वाटावं, अशी ती पोर होती.

नोव्हेंबरात तू जीपमधून आलास. काठी बघितलीस, लोकर बघितलीस आणि शेरा लिहिलास: काम नियोजनाबाहेरचे. जाताना मला बाजूला घेऊन म्हणालास, "आकाराम, वेगळं वागायचं असेल तर वाग, पण माझ्या तालुक्यात नको." त्यानंतर मी वेगळं वागलो नाही. भ्यालो म्हण. माझी ही एकशिक्षकी शाळा, आणि एवढ्या शेऱ्यानं मी भ्यालो.

जानेवारीत तू मंगळवारी येणार असल्याचा निरोप आला. शनिवारी मी मुलांना सांगितलं, सोमवारी प्रत्येकानं विहिरीचं पाणी बाटलीत आणायचं. मी बरोबर गेलो नाही. भिंतीवरचे तक्ते रंगवत बसलो होतो. विहिरीच्या तळाला टोपलीभर जागेत पाणी उरलं होतं, पायऱ्या निम्म्यावर संपत होत्या. सोमवारी सकाळी हरणा तिथून घसरली. वर काढली तेव्हा संपलं होतं. तिची आई बयाबाई कामावर होती, तिला खडीवरून बोलावून आणलं.

आणि मंगळवारी मी शाळा उघडली. तू येणार होतास ना. खिडकीत अकरा बाटल्या मांडून ठेवल्या होत्या. मी तुला सांगितलं की काल एक मुलगी गेली. तू विचारलंस, "शाळेच्या वेळेत की बाहेर?" बाहेर, मी म्हणालो. "मग आपला संबंध नाही." आणि वहीत लिहिलंस: नियोजनाप्रमाणे काम समाधानकारक. इतका चांगला शेरा मला नोकरीत कधी मिळाला नव्हता.

वस्तीवर सगळे म्हणत राहिले, पोर घरासाठी पाणी आणायला गेली होती. मी म्हणू दिलं. पंधरा दिवस तोंड लपवून फिरलो, मग तिच्या बापाकडं, धुळाकडं गेलो आणि सांगितलं. तो सुतळी वळत होता, हात थांबला नाही. म्हणाला, "ठावं हाय, गुरुजी. घागर घरातच व्हती. तिच्या हातात बाटली घावली. तुमी कवा सांगताय त्येची वाट बघत हुतो." मी पाया पडायला वाकलो, त्यानं पाय मागं घेतले. बयाबाई आत होती, ती बाहेर आली नाही. निघताना धुळा एवढंच म्हणाला, "दुसऱ्या वाडीवर असलं पानी आनाय लावू नगा."

त्याच दिवशी मी तुला लिहिलं की विहिरीच्या पाण्याची ती ओळ काढ. तुझं चार ओळींचं उत्तर आलं. पुढच्या वर्षीच्या प्रती तयार झाल्या आहेत, एका अपघातासाठी सगळं बदलता येणार नाही, आणि तू हे मनाला लावून घेऊ नकोस. शेवटचं वाक्य मी कितीदा वाचलं असेल.

म्हणून काल सांगलीला जिल्हा परिषदेत जाऊन मी लेखी जबाब देऊन आलो. कुणी मागितला नव्हता. नियोजन कुणी रचलं, शिक्षकानं बरोबर जाण्याची ओळ कुणी काढली, पाणी कुणी आणायला सांगितलं, सगळं लिहिलं आहे. तुझं उत्तरही जोडलं आहे. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. तुला या आठवड्यात बोलावणं येईल. ते दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, इतकी जुनी ओळख मी अजून मानतो. जबाबात पहिलं नाव माझं आहे, दुसरं तुझं. या वेळी तरी दोघांची नावं एका कागदावर आली.

तुझाच, कधीकाळचा,
आकाराम