रंगवलेला टँकर

५ एप्रिल १९७३, सांगली
आज मी टँकर जतकडच्या दुष्काळी गावाला नेला नाही. उद्या-परवाही नाही. रंगवायला घेतलाय. कंपनीचा विलायतेतला बडा साहेब सोमवारी गावाला पाणी वाटणार. दोन्ही अंगाला कंपनीचं नाव, खाली 'जगाच्या सेवेत'. मॅनेजरना म्हटलं, साहेब, तोवर गावानं प्यायचं काय? म्हणाले, "पलटणीत होतास ना? हुकूम म्हणजे हुकूम."

९ एप्रिल

सकाळपासून टँकर गावात उभा. साहेब फोटोला येईपर्यंत नळ सोडायचा नाही. उन्हात बाया घागरी धरून. पोरं रडून रडून गप्प झालेली. गंगव्वा, दर खेपेला मला भाकरी देणारी म्हातारी, पुढं आली. "सोड की रं बाबा, नातू निपचित पडलाय." घागर नळाखाली लावली. वॉचमन शिंदेनं काठी घातली. डोकं फुटलं. तिचा पोरगा बिरा कुऱ्हाड घेऊन धावला. शिंदेचा खांदा उघडा पडला, हाड दिसलं. मग दगड. काचा. मी पान्यानं नळ सोडला. बाया एकमेकींना तुडवत रगतात, चिखलात घागरी भरत होत्या. साहेबाची मोटार लांबूनच वळली. मॅनेजरनं माझी कॉलर धरली. मी ठोसा दिला. दोन दात पडले.

१० एप्रिल
बिराला पोलिसांनी नेलं. मारत मारत. गंगव्वा इथं सांगलीच्या दवाखान्यात, शुद्ध नाही. टँकर बंद. कंपनी म्हणते, गाव दंगलखोर.

११ एप्रिल
मॅनेजर विश्रामबागला माझ्या खोलीवर आले. तोंड सुजलेलं. "गाववाल्यांनी आधी हल्ला केला, असं फौजदाराला सांग. तुझा ठोसा मी विसरतो." माझी बायको हौसा चुलीपुढनं उठली. "आवं साहेब, त्या म्हातारीनं कशानं हल्ला केला? घागरीनं?" ते निघून गेले. हौसा नंतर लय वेळ रडली. नोकरी गेली तर, एवढंच म्हणाली.

१२ एप्रिल
सकाळी गंगव्वा गेली. डोळे उघडलेच नाहीत. बिराला सांगितलं असेल का कुणी?
शिंदे त्याच दवाखान्यात, पलीकडच्या वॉर्डात. आमच्याच साताऱ्याकडचा. मला बघून तोंड फिरवलं. मग म्हणाला, "कुणालाबी हात लावू द्यायचा न्हाई, असा हुकूम हुता रं. म्हातारी हाय, हे दिसलंच न्हाई मला." रडायला लागला. "उद्या फौजदार येतोय. तू खरं सांग गड्या. मी व्हय म्हणतो."
बाहेर पडलो तर जिन्यात मॅनेजर. हातात सफरचंदांची पिशवी. माझ्याकडं न बघता शिंदेच्या वॉर्डात शिरले.