जोत्यावर उभं कोण राहणार

१२ नोव्हेंबर

दिवेआगरला, आमच्या वाडीत आले. पंपाची खोली झाडली, आत दोन बेडूक होते. एक गेला.

आईने काम दिलंय: घर कुणाकडून बांधायचं ते ठरव. पैशाचं ती बघणार, ठरवायचं मी. वादळात छप्पर गेलं तेव्हापासून ती माणगावला मामाकडे. आता मामेभावाचं लग्न मे महिन्यात, म्हणजे आईची खोली नव्या जोडप्याला लागणार. हे मामा बोलला नाही, आई बोलली नाही. मामीने फक्त त्या खोलीच्या पडद्यांचं माप घेतलं.

मीच का? "तू दहा गावची घरं बघितलीस," म्हणे. घरं कुठली, हॉस्टेलं. एकावर एक पलंग आणि बाहेर चपला. "तेच ते."

जुन्या घराचं जोतं तेवढं उरलंय. त्यावर बसून लिहितेय. मुंग्या.

मैत्रीण श्वेताचा मेसेज मालवणहून. डायव्हिंगच्या बोटीवर कामाला जागा आहे, पंधरा जानेवारीपासून. "येतेस ना?" अंगठा पाठवला.

१४ नोव्हेंबर

माणगाव. हायवेला लागून ऑफिस, काचेचं. नकाशा, परवानगी, बांधकाम, अगदी पडद्याच्या दांड्यांपर्यंत सगळं तेच करतात. आपण शेवटी चावी घ्यायला जायचं. मालक समीरशेठ.

"मॅडम, आपको सिर्फ रंग चुनना है. बाकी सगळं टेन्शन आमचं."

टाइप ए, टाइप बी, टाइप सी. तिन्ही घरांपुढे तीच पांढरी गाडी उभी. टाइप सीमध्ये गाडीशेजारी बाई पण आहे.

आई म्हणते, कुणाकडे हात हलवत जाऊ नये. म्हणून वाडीतला एक नारळ आणि सुपाऱ्यांची पुडी नेली होती. शेठ म्हणाला, "अरे वा, गावचा नारळ. मिसेस चटणी करेल."

एसीत बरं वाटलं. अर्धा तास जास्त बसले.

१५ नोव्हेंबर

श्रीवर्धनच्या आर्किटेक्टला चार वाजता भेटायचं होतं. सकाळी माणगावहून निघून म्हसळ्याला उतरले, कुणीतरी म्हणालं जवळच्या डोंगरात गिधाडांची घरटी आहेत. एक काका दुर्बीण घेऊन निघालेच होते. तीन गिधाडं दिसली. एक काडी आणत होतं, दुसरं ती काडी फेकून देत होतं. दोन तास हेच.

आर्किटेक्टची भेट राहिली. फोन केला, गाडी मिळाली नाही म्हटलं.

१८ नोव्हेंबर

आर्किटेक्टच वाडीत आली. अनुजा नाव, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी. तिचं काम नकाशा काढायचा आणि पंधरा दिवसांनी येऊन बघायचं, नीट चाललंय का. बांधणारा आपण वेगळा शोधायचा. मधल्या चौदा दिवसांत काय, असं विचारलं तर म्हणाली, "तुमच्यापैकी कुणीतरी साइटवर हवं." तुमच्यापैकी म्हणजे आई आणि मी. आईचे गुडघे गेलेत.

आई आज सुपाऱ्या वाळत घालायला आली होती. अनुजाने तिला विचारलं, "काकू, सकाळी उठल्यावर पहिलं काय करता?"

"तोंड धुते."

"मग?"

"मग चहा. तिला काय करायचंय गं?" हे मला.

"चहा कुठे उभ्या राहून करायचात, जुन्या घरात?"

आई सुपाऱ्यांचा हात पदराला पुसत जोत्यावर चढली, पुढच्या कोपऱ्यात गेली आणि तिथे उभी राहिली. "इथं. इथून बेडं दिसतं. कोण आलं, कोण गेलं, कुणाची म्हैस आत शिरली, सगळं." उभीच राहिली. समोर बेडं नाहीये आता, वाडीचं ते फाटक वादळातच गेलं. दोन खांब आहेत. अनुजाने कागदावर फुली मारली.

मग दोन तास वाडीत फिरून एकेक पोफळ मोजली. तिलाही नारळ आणि सुपारी दिली.

२२ नोव्हेंबर

धर्मादादा गवंड्याकडे. वेगळंच करायचं ठरलं तर बांधणारा हाच, पंचक्रोशीत चिऱ्याचं काम त्याच्याइतकं कुणाचं नाही. विचारून ठेवू म्हटलं. नारळ आणि सुपारीची पुडी ओट्यावर ठेवली. त्याने उचलून आत देवापुढे ठेवली, हात जोडले. वहिनींनी चहा दिला, चहाबरोबर बोरं.

"दिस कुठला धरलाय, बाय?"

म्हटलं बघू.

बोरं कुठली विचारलं तर मागच्या टेकडीवरची. तिकडेच गेले मग.

२६ नोव्हेंबर

डोकं फिरलं. आजपासून शेठची पद्धत = ए. (एकत्र कुटुंब). अनुजा + धर्मादादा = वि. (विभक्त, चुली वेगळ्या).

ए. मध्ये भांडण झालं तर ते त्यांच्या घरातल्या घरात, आपल्याला ऐकू येत नाही. पण भिंतीत काय घातलं तेही दिसत नाही. सासू आणि सून एकाच बाजूच्या, तक्रार कुणाकडे करायची?

वि. मध्ये एक दुसऱ्याच्या चुका काढणार, ते आपल्या फायद्याचं. पण मधे उभं राहून दोघांचं ऐकून घ्यायचं कुणी? मी. मेपर्यंत. मी एका जागी सगळ्यात जास्त राहिले ती गोकर्णला, सात आठवडे, ते पण पाय मुरगळला म्हणून.

ए. घेतलं तर पंधरा जानेवारीला बोटीवर. हे लिहायचं नव्हतं, लिहिलं.

३० नोव्हेंबर

घोळ.

अनुजाचा नकाशा आला. सुंदर. आईची चूल पुढच्या कोपऱ्यात, समोर रुंद खिडकी. भाड्याने द्यायच्या पाहुण्यांच्या दोन खोल्या मागे. प्रत्येक पोफळीला एक गोल. मी तो समीरशेठला पाठवला, असं करून द्याल का एवढंच विचारायला. दोन तासांत परत आला, वर त्याच्या कंपनीचा शिक्का. पोफळी गायब. स्वयंपाकघर मागे, त्याची वीतभर खिडकी संडासाच्या टाकीकडे.

"मॅडम, किचन फ्रंटला कोण ठेवतं? फ्रंटला गेस्ट रूम, सी व्ह्यू."

"समुद्र दिसत नाही तिथून. मधे सात वाड्या आहेत."

"जाहिरातीत दिसेल ना."

आणि मी हे आईला पाठवायला गेले ते अनुजाला गेलं. तिचा फोन. शांत आवाजात: "माझ्या चौतीस पोफळी कुठे गेल्या?"

चुकून म्हटलं. म्हणाली, "चुकून एवढं सफाईने कापत नाहीत." माफी मागितली तीनदा. तिसऱ्यांदा ती हसली.

४ डिसेंबर

सकाळी दात घासत बाहेर आले तर धर्मादादा जोत्यावर. खुंट्या ठोकतोय, दोरी लावतोय.

"काय करताय, दादा?"

"आखणी."

"कुणी सांगितलं?"

माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मलाच काही झालंय. "बाय, तू माझ्या ओट्यावर नारळ-सुपारी ठेवून गेलीस की. मी देवापुढं ठेवली. बोर्लीच्या बंगल्याचं काम सोडलं मी. म्हटलं वाडीतलीला शब्द दिलाय."

तोंडात फेस.

आईला फोन. "गवंड्याच्या दारात नारळ-सुपारी कोण ठेवतं? गावात वाढलीस ना?"

"तूच म्हणालीस हात हलवत जाऊ नको."

"बिस्किटं न्यायची. आणि कुणाकडे ठेवलेस?"

"शेठ. आणि अनुजा."

"तीन ठिकाणी. स्वयंवर मांडलंयस का?"

शेठने चटणी केली, अनुजाने खोबऱ्याच्या वड्या. दोघांनी काम काही सोडलं नाही. शब्द फक्त एका माणसाला पोचला, तो खुंट्या ठोकून घरी गेला.

७ डिसेंबर

धर्मादादाला सांगायला गेले की अजून ठरलं नाही, चूक माझी. बिस्किटं नेली. तो अंगणात बसून भाताचं पोतं शिवत होता. अंगात निळा टी-शर्ट. पाठीवर शेठच्या कंपनीचं नाव, खाली 'नकाशा ते चावी'.

"हा कुठला?"

"कंपनीचा. तिकडली श्रीवर्धनची दोन घरं मीच बांधली. शेठकडं गवंडी कुठं हाय? तो इकडचं काम घेतो नि मला फोन करतो."

म्हणजे ए. केलं तरी धर्मादादा. वि. केलं तरी धर्मादादा. महिनाभर मी एकाच माणसाला दोन वह्यांत लिहीत होते.

"मग फरक काय, दादा?"

त्याने सुईत दोरा ओवला. "मला न्हाय काय फरक. भिंत तशीच बांधनार. कंपनीचं काम असलं की कंपनीचा मानूस येतो, फोटो काढतो, जातो. त्याला त्या घरात ऱ्हायचं न्हाय. तुमचं तुम्ही केलंत तर घरातलं कोन तरी उभं ऱ्हायला पायजे. न्हायतर मी सवयीनं बांधतो. सवय वाईट असते, बाय."

वहिनी आतून: "सवय वाईट म्हनतो नि तंबाखू सोडत न्हाय."

११ डिसेंबर

आई: "कंपनीलाच दे."

"चूल मागे जाईल."

"जाऊ दे. चूल कुठे का असेना, भात शिजतो."

"बेडं दिसणार नाही."

"कोण येतंय माझ्याकडे एवढं." मग म्हणाली, "तू थांबणार आहेस का मेपर्यंत? नाही ना. मग उगीच कशाला." रागावून नाही. बाजारातून काय आणायचं ते सांगतात तसं. टाइप बीचा रंगही ठरवलाय म्हणाली, फिका पिवळा.

तिला फिका पिवळा आवडत नाही. मामीच्या भिंती आहेत त्या रंगाच्या.

दुपारी समुद्रावर गेले. किनाऱ्यावरच्या एका कुत्र्याबरोबर दिघीच्या बाजूला चालत सुटले. कुत्रा अर्ध्यातून परत फिरला, मला वाटलं तोही कंटाळला. भरती येत होती, त्याला कळलं होतं.

१५ डिसेंबर

वि.

अनुजाला सांगितलं, धर्मादादाला सांगितलं. शेठला फोन केला. "नो प्रॉब्लेम, मॅडम. बीच में अटक गया तो बोलना, आपण आहोतच." त्याचा आवाज प्रेमळ होता, तेच वाईट.

आईला सांगितलं, मी थांबते.

"किती दिवस?"

"भिंत जोत्याच्या वर येईपर्यंत."

"जोत्याच्या वर म्हणजे कुठवर?"

विषय बदलला.

श्वेताला अजून काही कळवलं नाही.

३ जानेवारी

काम सुरू. अनुजा आली होती. धर्मादादाने नकाशा बराच वेळ हातात धरला. "एवढ्या विहिरी कुठं हायत वाडीत?"

"त्या पोफळी आहेत, दादा. वरून बघितल्यावर."

"वरून कोन बघनार?"

मग भांडण. अनुजाला चिरा उघडा ठेवायचाय, गिलावा नको. धर्मादादा म्हणतो, उघडी भिंत म्हणजे गवंडी पळून गेला असं लोक समजतात. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं आईला विचारू. आई फोनवर: "गिलावा कर. मी काय उघडी राहू?" मग ठरलं, आतून गिलावा, बाहेरून उघडा. कुणालाच पटलं नाही, म्हणजे बरोबर असावं.

वि. असंच असतं वाटतं. रोज मी थोडी हरते.

९ जानेवारी

माझी चूक. पूर्ण माझी.

सकाळी किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढायला माणसं कमी होती, मी दोरी धरली. म्हटलं अर्धा तास. जाळं बाहेर यायला तीन तास लागले. वाट्याला मांदेली मिळाली, पिशवी भरून. आनंदात परत आले तर पुढच्या कोपऱ्यात सलग भिंत, कमरेच्या वर गेलेली. आईच्या खिडकीच्या जागी.

"दादा, खिडकी."

त्याने भिंतीकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. "सवयीनं गेली बाय. सगळ्यांच्या घराला तितं भिंतच असते." थापी खाली ठेवत, "तू न्हवतीस."

चिरे उतरवले. मीही उतरवले, नख गेलं एक. मांदेली वहिनींना दिली.

१३ जानेवारी

श्वेता: "जागा परवापर्यंतच. दुसरी मुलगी विचारतेय. काय ते सांग."

आई: "भिंत कुठवर आली?" रोज विचारते. आज पुढे म्हणाली, "मामीला सांगितलंय, मेमध्ये मी माझ्या घरी." मग लगेच, "तुझं काही असेल तर जा हं तू. धर्मा आहे, मी येत जाईन." गुडघ्यांवर? दिवेआगरच्या एसटीत? तिला नुसतं हो म्हटलं.

भिंत आता जोत्याच्या वर आहे. शब्द पाळला असं म्हणता येईल. कुणाला म्हणू ते कळत नाही.

१४ जानेवारी

आज खिडकीचा तळ ठरवायचा होता. नकाशात आकडा आहे, पण तो कुणाही बाईचा आहे, आई बुटकी आहे. एवढा तळ धरला तर तिला बेड्यावरचं फक्त आभाळ दिसेल. अनुजाचा फोन बंद, ती पुण्याला. धर्मादादा म्हणाला, "उद्या आठ वाजता तळाचे चिरे बसवतो. उंची कोन सांगनार?"

मी म्हटलं सांगते. उद्या असं म्हटलं नाही, नुसतं सांगते.

मी आईच्या कोपऱ्यात उभी राहिले, गुडघे जरा वाकवून, तिच्याएवढी झाले. त्याने भिंतीवर खडूने खूण केली. मग म्हणाला, "जास्त वाकलीस." पुसली. परत. पुसली. तीनदा. शेवटी म्हणाला, आई येऊ दे न्हायतर तू नीट वाक, असं अंदाजानं न्हाय जमत. उद्या बघू.

सॅक दाराशी भरलेली होती. माणगावची गाडी पहाटे साडेपाचला, तिथून पुढे मालवण. निघताना त्याने सॅक बघितली. भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा आणि सूत तो रोज पिशवीत घालून घरी नेतो. कुणाला हात लावू देत नाही, सासऱ्याचा ओळंबा आहे. आज पिशवी रिकामी केली आणि दोन्ही माझ्या खाटेवर ठेवून गेला. "सकाळी तुझ्याकडूनच घेतो."

जड आहे. पितळी. सॅकमधे तर नेता येत नाही, आणि दुसरं कुणी नाहीये इथे द्यायला.