पन्नासपैकी अकरा

लातूर, मंगळवार

प्रिय व्यंकट,

आणि वर सगळ्यांदेखत म्हणालास, असल्या पोरींना सायन्सला घेता कशाला. पन्नासपैकी अकरा मार्क टाकलेस पंचशीलाला. चहाचा कप ठेवताना तुझी यादी पाहिली मी. तिसरी शिकलेय, आकडे कळतात. पासाला अठरा लागतात हेही कळतं. नऊ वर्षं ह्या प्रयोगशाळेत काचा धुतेय, तुझ्यासारखे बाहेरचे परीक्षक लई पाहिले. तोंडी परीक्षेला एका पोराला दोन मिनिटं आणि जेवायला दीड तास. मटण अळणी झालं म्हणून तोंड वाकडं करणारा मात्र तूच पहिला.

मला ओळख दाखवली न्हाईस, ते सोड. सख्ख्या थोरल्या बहिणीला, मावशी, टॉवेल कुठाय, म्हणालास. देवणीच्या शाळेत तुला पाठीवर घेऊन जायची मी, कारण ओढ्यातले दगड तुझ्या पायाला टोचायचे. आता बूट आलेत. आमचे सिद्धराम साहेब विभागाचे प्रमुख, पण तुझ्यापुढं हात बांधून उभे. त्यांनाही कळलं न्हाई की हा आपल्या कस्तुराबाईचा भाऊ. मीही सांगितलं न्हाई. तुझी लाज राखली म्हण, न्हाईतर माझी.

पंचशीला आमच्या गल्लीतल्या केवळाबाईची. केवळाबाई हमीच्या कामावर खडी फोडते. पोरगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोचली; त्या घरात आजवर दहावीच्या वर कुणी गेलं नव्हतं. मुरुडच्या शाळेनं मास्तरणीची जागा धरून ठेवलीय तिच्यासाठी, जूनमध्ये पास झाल्याचा कागद आण म्हणून. तू अकरा टाकलेस, म्हणजे जागा गेली आणि पोरगी आईशेजारी खडीवर बसली.

तुला वाटलं तिला येत न्हाई. अरे, बाकीच्यांना तरी कुठं येत होतं? दरसाल खरं रीडिंग मीच कानात सांगते, पोरं तेच उतरवतात आणि तुम्ही शाबास म्हणता. तिलाही सांगितलं. ती म्हणाली, मावशी, माझं येईल तेच लिहीन. आणि आलं ते लिहिलं. चुकीचं आलं, कारण तिच्या चंबूत आदल्या बॅचचं अ‍ॅसिड तसंच होतं. धुवायला पाणी न्हाई. लातूर वेगळा जिल्हा झाला, कलेक्टर आला, पाट्या रंगल्या, पाणी तेवढं उस्मानाबादेतच राहिलं. टँकर तीन दिवसांआड येतो. एवढा शिकलेला तू, चंबू उचलून नुसता वास घेतला असतास तरी कळलं असतं. पण तुझं लक्ष घड्याळाकडं.

आता खरं सांगते, त्यासाठीच बसलेय लिहायला. साहेबांनी दोन बादल्या पाणी काचांसाठी राखून ठेवलं होतं, हात लावू नको म्हणून बजावलं होतं. तू आलास, अंगावर धूळ, अंघोळ करावी वाटते म्हणालास. मला कुणी हुकूम केला न्हाई. माझा व्यंकट साहेब होऊन आलाय, एवढंच डोक्यात. त्या दोन्ही बादल्या मी उचलून तुझ्या न्हाणीत ठेवल्या. दुसरी तर तू नुसती पायावर ओतलीस, बाहेर उभी राहून ऐकलं मी. काल हे सगळं साहेबांना सांगून टाकलं. नोकरीचं व्हायचं ते होईल. ते म्हणतात, मार्कांचं पाकीट शनिवारी विद्यापीठात जातं. त्याआधी परीक्षकानं लिहून दिलं की काचा धुतलेल्या नव्हत्या, तर पोरीची परीक्षा पुन्हा घेता येते. पाणी मी विकत आणीन. तू फक्त चार ओळी लिही आणि खाली सही कर. हे पत्र आणणारा मारोती कंडक्टर गुरुवारी दुपारी दोनच्या गाडीनं नांदेडहून परत निघतो. त्याच्या हातात तुझा कागद पाहिजे. देणार की न्हाई, तेही त्याच्याजवळच सांग, गुरुवारीच.

तुझीच,
कस्तुराआक्का